पोचल्याचा फोन

सन्माननीय अध्यक्ष, मानसोपचार विभागाचे प्रमुख डॉ. अंबादास सर; व्यासपीठावर बसलेल्या, पुनर्वसन केंद्राच्या संचालिका पूर्णिमाताई; शिरोली एमआयडीसीतून पहिली पाळी संपवून थेट इथे आलेले, अजून बुटांवर वाळू असलेले बाळासो; शासनाच्या कागदावर श्रीमती चिमणाबाई नांदवडेकर आणि उरलेल्या सगळ्या जगासाठी आक्का, अशा, आज निवृत्त होणाऱ्या वॉर्डातल्या सिस्टर, आपल्या सत्कारमूर्ती; वॉर्डातले डॉक्टर, सिस्टर, मावशी आणि मामा; आणि समोर बसलेल्या बंधू-भगिनींनो. तुमच्यात काही जण असे आहेत, जे कधीकाळी या वॉर्डात राहून गेले. काही जण त्यांना भेटायला डबे घेऊन येत होते. निमंत्रणपत्रिकेत त्यांचा उल्लेख ‘सर्व उपस्थित’ एवढाच आहे. मी त्यांना वेगळा नमस्कार करते, कारण मी त्यांच्यातलीच आहे.

मी पद्मजा तेरदाळकर. एका माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. रुग्णांच्या नातेवाइकांच्या वतीने दोन शब्द बोलावेत म्हणून मला उभं केलं आहे आणि सात मिनिटं दिली आहेत. सात मिनिटांत आमच्या नववी ‘ब’ची हजेरीसुद्धा पुरी होत नाही. तरी प्रयत्न करते. जास्त वेळ झाला तर अध्यक्षांनी टेबलावर बोटं वाजवावीत, मी न ऐकल्यासारखं करीन.

आज एकतीस मे. सरकारी खात्यांत आजच्या दिवशी अर्ध्या जिल्ह्याचे निरोप समारंभ असतात. का? कारण एका पिढीच्या जन्मतारखा आईवडिलांनी नाही, शाळेतल्या मास्तरांनी ठरवल्या. शाळेत नाव घालायला पोर आणलं की मास्तर लिहिणार, एक जून. मी परवा आक्कांना विचारलं, “तुमचा खरा वाढदिवस कधी हो?” त्या म्हणाल्या, “आई म्हणायची, तू झालीस तवा भाताची लावण चालू हुती. आता मला सांगा बाई, आमच्या चंदगडात लावण काय एक जूनला असतीय व्हय?”

म्हणजे बघा, खऱ्या हिशेबाने आक्कांची महिना-दीड महिन्याची नोकरी अजून शिल्लक आहे. तुम्ही हसलात, मीही हसले होते. पण गेले पंधरा दिवस त्या दीड महिन्याची मला फार गरज वाटते आहे. ती का, तेच सांगायला मी इथे उभी आहे.

तिसऱ्या रांगेत निळा शर्ट घालून बसलाय तो माझा धाकटा भाऊ गुरुप्रसाद. त्याच्याविषयी बोलण्याची परवानगी मी त्याच्याकडून घेतली आहे. त्याने दोन अटी घातल्या. “ताई, रडायचं नाही आणि माझं वय सांगायचं नाही.” दुसरी अट मी नक्की पाळीन.

गुरुप्रसाद डिप्लोमा करून शिरोलीच्या एका फाउंड्रीत लागला. पॅटर्न विभागात. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते, पॅटर्न म्हणजे लाकडाचा नमुना. त्याचा वाळूत ठसा घेतात आणि त्या ठशात वितळलेलं लोखंड ओततात. नमुना केसभर चुकला तर पुढचं सगळं लोखंड चुकतं. गुरुप्रसादचा हात केसभरही चुकत नव्हता. तिसऱ्या वर्षी त्याला आवाज ऐकू यायला लागले. आधी यंत्रांतून, मग नळातून, मग कुठूनही. डॉक्टरांनी स्किझोफ्रेनिया असं नाव सांगितलं. मुलांना शुद्ध बोला, स्पष्ट बोला म्हणून शिकवणाऱ्या मी तो शब्द पाच वर्षं घराबाहेर उच्चारला नाही. शेजारी विचारायचे, “गुरुप्रसाद दिसत नाही हल्ली?” आम्ही म्हणायचो, “पित्त आहे त्याला.” पाच वर्षं पित्त!

आता मुख्य गोष्ट. नऊ वर्षांपूर्वीचा जुलै महिना. गुरुप्रसाद वॉर्डात तीन आठवडे होता. औषधं लागू पडली होती. लगेच घरी न नेता दोन महिने पूर्णिमाताईंच्या केंद्रात ठेवावं, तिथे तो हळूहळू कामाला, माणसांना सरावेल, असं ठरलं. योजना उत्तम होती. आजही मला तीत काही खोट दिसत नाही. मंगळवारी अकरा वाजता केंद्राची गाडी येणार होती.

त्या सकाळी केंद्रातून वॉर्डात फोन आला की आज गाडी पाठवत नाही, खाट शनिवारी रिकामी होईल, तोवर घरच्यांनी न्यावं. फोन ज्याने घेतला त्याने निरोप दिला, “घरचे नेणार आहेत.” निरोप तसा खरा होता, फक्त आम्हा घरच्यांना तो कुणी दिला नाही. वॉर्डाने गुरुप्रसादच्या हातात औषधांची पिशवी आणि चिठ्ठी दिली, रजिस्टरमध्ये ‘रवाना’ असं लिहिलं आणि खाली सही झाली. शनिवारी केंद्रात गुरुप्रसाद आला नाही. तिथे लिहिलं गेलं, ‘घरच्यांनी ठेवून घेतलं असावं.’ आणि घरचे? आम्हाला केंद्राचा नियम आधीच सांगितला होता. पहिले आठ दिवस भेटायला यायचं नाही, फोन करायचा नाही, माणसाला रुळू द्यायचं. आम्ही नियम पाळला.

मी ज्या घरात वाढले तिथे नियम पाळण्याला फार किंमत होती. पण आज खरं सांगते, आम्ही तो नियम आनंदाने पाळला. त्या आठ दिवसांत आमच्या घरात कुकरची शिट्टी झाली तर कुणी दचकलं नाही. आई दुपारी झोपली, कितीतरी महिन्यांनी. मी खिडकीत बसून निबंध तपासले आणि मला आठवतंय, मी गुणगुणत होते. तो केंद्रात सुरक्षित आहे असं समजून गुणगुणत होते, हे खरं. पण तो घरात नाही म्हणूनही गुणगुणत होते, हेही खरं. हे मी आईपाशी कधी बोलले नाही. तीन वर्षांपूर्वी आई गेली. आज तुमच्यासमोर बोलते आहे, कारण समोर बसलेल्यांपैकी निदान चार जणांच्या घरी असे आठ दिवस येऊन गेले असतील आणि तेही कुणापाशी बोलले नसतील.

नवव्या दिवशी आईने भडंग केलं. त्याला कुरकुरीत लागतं म्हणून लसूण जास्त तळला. डबा घेऊन आम्ही दोघी केंद्राच्या फाटकाशी गेलो. तिथल्या माणसाने वही उघडली, बोट फिरवलं आणि विचारलं, “कोण गुरुप्रसाद?”

पूर्णिमाताई, तुम्ही मान खाली घालू नका. मी कुणाला बोल लावायला आलेले नाही. आणि तुम्हीच मला सांगितलं होतं, “हे सगळं बोल, काही गाळू नकोस.”

मंगळवारी अकरा वाजता माझा भाऊ तिन्ही ठिकाणच्या जबाबदारीतून सुटला होता आणि तिन्ही ठिकाणचे कागद बरोबर होते. वॉर्ड म्हणत होता केंद्रात आहे, केंद्र म्हणत होतं घरी आहे, घर म्हणत होतं केंद्रात आहे. आम्ही पोलिसांत तक्रार दिली. फोटो मागितला तर आमच्याकडे त्याचा सहा वर्षांपूर्वीचा फोटो निघाला. आजारी पडल्यापासून आम्ही त्याचा एकही फोटो काढला नव्हता.

अकराव्या दिवशी सकाळी वॉर्डातला फोन वाजला. फोन चंदगडच्या एसटी स्टँडवरून होता आणि उचलला आक्कांनी. स्टँडवर चहाचा गाडा लावणाऱ्या धोंडुबाई म्हणून एक बाई कंट्रोलरच्या फोनवरून बोलत होत्या. आक्कांनी मला ते बोलणं पुढे इतक्यांदा सांगितलं आहे की ते मी स्वतः ऐकल्यासारखं मला पाठ आहे.

“बाई, तुमचा एक माणूस हितं हाय. धा दिस झालं बाकावर बसून हाय. चा देतो आमी, भाकरी देतो, खातोय. म्हटलं, पावणं, कुणाची वाट बघतायसा? तर म्हणतोय, मला न्यायला गाडी येणार हाय. कसली गाडी म्हटलं तर बोलतच न्हाय. चिठ्ठी हाय त्येच्याजवळ, पर कुणाला देत न्हाय. गाडीवाल्यालाच द्यायची म्हणतोय. काल रातीपासनं ताप हाय, म्हणून आज मी पिशवीतनं काढून घेतली बगा.”

ही धोंडुबाई कुठल्याही सेवेत नव्हती. तिला कुणी प्रशिक्षण दिलेलं नव्हतं. पण आपल्या सगळ्यांत ‘कुणाची वाट बघताय’ हा प्रश्न त्याला फक्त तिने विचारला.

आक्कांनी ड्यूटी दुसऱ्या सिस्टरकडे सोपवली, मला फोन केला आणि दहाच्या चंदगड गाडीत आम्ही दोघी शेजारी बसलो. तोवर मी त्यांना फक्त पांढऱ्या कपड्यातल्या एक सिस्टर म्हणून ओळखत होते.  गडहिंग्लजच्या स्टँडवर गाडी थांबली, लोक खाली उतरले, तेव्हा त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, “बाई, त्या रजिस्टरवर जी सही हाय न्हवं, ती माझी हाय.”

 मी म्हटलं, “पण तुम्हाला तसाच निरोप मिळाला होता ना.”

“निरोप मिळालता. खोटं न्हाय. पर मी सही केली तवा त्यो पुढच्या दाराच्या कट्ट्यावर बसलाता. मी बघितलं की त्येला. बसलाय, घरचं येतील आता, म्हटलं आणि आत गेलो. दोनला ड्यूटी सुटली, मागच्या दारानं घरला गेलो. पुढच्या दारानं गेलो असतो तर?”

आजवर मला पुष्कळ माणसांनी धीर दिला आहे. पण माझ्यापाशी येऊन ‘चूक माझी’ म्हणणारं माणूस त्या दिवशी पहिल्यांदा भेटलं. आणि खरं सांगू? त्या बसमध्ये मला जो धीर आला तो आधी कधी आला नव्हता.

चंदगडला पाऊस म्हणजे काय, हे तिथल्यांनाच विचारावं. स्टँडच्या कोपऱ्यातल्या बाकावर तो बसला होता. दाढी वाढलेली, पाय भिजून पांढरे पडलेले, डावा पाय सुजून टम्म झालेला. आम्हाला नंतर कळलं की तो त्या मंगळवारी वॉर्डाच्या फाटकाशी दुपारपर्यंत थांबला होता. गाडी येईना. मग त्याने त्याच्या मनाने विचार केला. आक्का सतत चंदगडच्या पावसाच्या, काजूच्या गोष्टी सांगतात. आक्कांची ड्यूटी दोनला सुटते. म्हणजे त्या घरी चंदगडला जाणार. म्हणजे आपण तिथे जाऊन थांबलं तर त्या भेटतील. आक्का तर कोल्हापुरातच राहत होत्या, पण हे त्याला कुठे माहीत?

त्याने आम्हाला येताना पाहिलं. माझ्याकडे बघितलं नाही. आक्कांना म्हणाला, “उशीर केलात.”

आक्का खाली बसल्या. स्टँडच्या त्या चिखलात, साडी सावरायचंही भान न ठेवता, त्याचा सुजलेला पाय मांडीवर घेतला आणि म्हणाल्या, “व्हय. केला.”

त्या पायाची दोन बोटं काढावी लागली. गुरुप्रसाद थोडा लंगडतो तो त्यामुळे. ज्यांना आजवर विचारायला संकोच वाटत होता त्यांना आज उत्तर मिळालं.

पुढे चौकशी झाली. कागद तपासले गेले. सगळे बरोबर निघाले. कुणावर ठपका आला नाही. आक्का सांगतात, त्यांना सगळ्यात जास्त वाईट त्या दिवशी वाटलं.

मग आक्कांनी काय केलं? मोठं काही नाही. घरातला एक जुना, बटणांचा मोबाइल आणून वॉर्डातल्या टेबलावर ठेवला, ड्यूटीनंतर घरीही बरोबर नेला आणि एक नियम केला. आपल्याकडे पाहुणा निघाला की दारात उभं राहून आपण काय म्हणतो? “पोचल्यावर फोन करा.” पाहुणा पोचतो, फोन येतो, मग आपण दिवा मालवून झोपतो. पाहुण्याला गाडीत बसवून दिलं म्हणजे आपलं काम झालं असं आपण कधी समजत नाही. आक्का म्हणाल्या, पेशंटलाही तेच. ज्याने पाठवलं त्याने ‘रवाना’ लिहून वही मिटायची नाही. ज्याच्याकडे गेला त्याने फोन करून सांगायचं, ‘पोचला.’ आणि तेवढ्यानेही भागायचं नाही. फोन त्या माणसाच्या हातात द्यायचा. त्याने स्वतःच्या तोंडाने म्हणायचं, ‘आक्का, मी पोचलो.’ तो आवाज कानावर आला की मगच सही.

सुरुवातीला लोक वैतागले. एका कार्यालयातून उत्तर आलं, “मॅडम, आम्ही पत्र पाठवलंय.” आक्का म्हणाल्या, “पत्र पोचलं की साहेब. माणूस कुठं हाय?” एका चौकीत हवालदारांनी विचारलं, “कोण बोलतंय?” “आक्का.” “कुणाची आक्का?” “तुमचीबी.” त्यानंतर त्या चौकीतून, रस्त्यावर कुणी भांबावलेलं माणूस सापडलं की पहिला फोन आक्कांना यायला लागला.

पूर्णिमाताईंनी आठ दिवसांचा तो नियम बदलला. भेट अजूनही आठ दिवसांनी, पण पहिल्या संध्याकाळी घरी आणि वॉर्डात फोन झालाच पाहिजे. गावागावांतल्या आशाताईंना आक्कांनी नंबर दिला. इंजेक्शनची तारीख चुकली की आशाताई आधी आक्कांना कळवतात, मग घरी जातात. आणि दर गुरुवारी चार वाजता वॉर्ड, केंद्र आणि जिथे जिथे आपली माणसं कामाला आहेत ती ठिकाणं, सगळे एकमेकांशी पाच-पाच मिनिटं बोलतात. परिसंवादांत याला ‘विविध सेवांमधील समन्वय’ म्हणतात. मी तशा एका परिसंवादाला गेले होते. जेवण छान होतं.

बाळासोंचं सांगितलं नाही तर ते माझ्याशी बोलणार नाहीत. बाळासो फाउंड्रीत सुपरवायझर. गुरुप्रसादला परत कामावर घ्या म्हणून आक्का त्यांच्याकडे गेल्या तेव्हा हे म्हणाले, “आक्का, आमच्यात पंधराशे डिग्रीची भट्टी हाय. मी लोखंड बघू का ह्येला बघू?” आक्का म्हणाल्या, “लोखंड कुठं पळून जातंय? ह्येलाच बघा.” शेवटी भट्टीपासून लांब, पॅटर्नच्या भांडारात त्याला काम मिळालं. लाकडी नमुने पुसायचे, मोजायचे, जागेवर ठेवायचे.

आणि याच बाळासोंनी दोन वर्षांपूर्वी, गणपतीच्या आधी, गुरुवारची वाट न बघता सोमवारीच फोन केला. “आक्का, तुमचा गुरू एकच नमुना तीन-तीनदा मोजायलाय. आणि मोजताना कुणाशी तरी बोलतोय. मला काय पटंना झालंय.” मी त्याच घरात राहते, मला काही दिसलं नव्हतं. मला तो फक्त जरा गप्प वाटत होता. आक्कांनी डॉक्टरांना सांगितलं, डॉक्टरांनी त्याच दिवशी औषध बदललं, पूर्णिमाताईंनी तीन आठवडे त्याला दिवसभर केंद्रात बसायला जागा दिली, आणि बाळासोंनी त्याची जागा कुणाला दिली नाही. वॉर्डात भरती करावं लागलं नाही. गणपतीची आरास त्याने केली. त्या तीन आठवड्यांत तो रोज संध्याकाळी घरी आला की दारातच फोन लावायचा, “आक्का, मी पोचलो.” त्याला ती सवय लागली. बरा झाल्यावरही त्याने ती सोडली नाही. कामावरून आला, चप्पल काढली, फोन लावला. पलीकडून दोनच शब्द यायचे, “बरं, जेव.” मग आमच्या घरात संध्याकाळ व्हायची.

आता मी माझ्या मूळ विषयाकडे येते. सर, तुम्ही बोटं वाजवत नाही आहात याबद्दल आभारी आहे.

पंधरा दिवसांपूर्वी गुरुप्रसादने जेवताना मला विचारलं, “ताई, एक जूनला मी पोचलो तर कुणाला कळणार?”

मी म्हटलं, “मला कळेल की.” तो म्हणाला, “तू घरचीच.” त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. पण मला ते खिडकीतलं गुणगुणणं आठवलं.

तेव्हापासून तो नीट जेवत नाही. गेले चार दिवस तो ‘मी पोचलो’ म्हणतो आणि फोन ठेवतच नाही. पलीकडे आक्का थांबतात, अलीकडे हा थांबतो. मी स्वयंपाकघरातून ऐकते. काही ऐकू येत नाही, तेच ऐकते.

त्याचा प्रश्न मी स्वतःलाही विचारून बघितला. नऊ वर्षं हे सगळं चाललं. पण ते कुठे लिहिलेलं आहे? कुठल्या आदेशात? फोन आक्कांचा स्वतःचा. नंबर त्यांचा स्वतःचा. त्या गेल्या की तो नंबर त्यांच्यासोबत गावी जाणार होता, आणि त्यांच्या गावात रेंज नाही. मग मला जाणवलं की आपण तीच चूक पुन्हा केली आहे. नऊ वर्षांपूर्वी प्रत्येकाने समजलं, दुसऱ्याने घेतला असेल. नंतरची नऊ वर्षं प्रत्येकाने समजलं, आक्का बघतायत. आपण सगळ्यांनी मिळून, आपली सगळी माणसं आक्कांकडे ‘रवाना’ केली आणि वही मिटली. मीसुद्धा.

मघाशी चहा घेताना मी अध्यक्षांना विचारलं, आक्कांच्या जागी कोण? सर म्हणाले, “पद भरण्याचा प्रस्ताव पाठवला आहे.” सर, तुमच्याविषयी मला मनापासून आदर आहे. दोन वर्षांपूर्वी त्या सोमवारी औषध बदलणारे डॉक्टर तुम्हीच होता. पण या सभागृहात पुढचं वाक्य सगळ्यांना पाठ आहे. प्रस्ताव पोचला. माणूस कुठं हाय?

आज सकाळी आक्का आमच्या घरी आल्या होत्या. मला म्हणाल्या, “बाई, मला शाल नको, नारळ नको. ही वस्तू तेवढी योग्य हातात द्या. मी दिली तर लोक म्हणतील, आक्कांची आठवण म्हणून कपाटात ठिवू. तुमी द्या.” आणि हा फोन माझ्या हातात ठेवला. हाच तो. बटणांवरचे आकडे पुसले गेले आहेत, पाचचा तर पुरताच. नंबर कालच त्यांनी विभागाच्या नावावर करायला अर्ज दिला आहे आणि, अर्थातच, अर्जाची पोच सहीनिशी घेतली आहे.

वॉर्डात तेजस्वी सिस्टर आहेत. शाहूवाडीच्या. वर्षभर आक्कांच्या शेजारी बसून त्या हे काम शिकल्या. कालपासून मला सांगतायत, “मॅडम, मी घेते.” तेजस्वी, तुझ्याइतका योग्य हात दुसरा नाही. पण तुझी नेमणूक कंत्राटी आहे, ती मार्चला संपते. मग एप्रिलमध्ये मी पुन्हा असंच भाषण करायचं का? फोनवर तू बस. पण तो घ्यायला हवा विभागाने. एका माणसावर टांगून ठेवलेली वस्तू त्या माणसाबरोबर जाते, हे आपल्याला आता कळलं आहे.

आक्कांच्या नियमाप्रमाणे मी हा टेबलावर ठेवणार नाही. सर, कार्यक्रमपत्रिकेत हे नाही, मला माहीत आहे. पण जरा उभे राहता का? आणि हात पुढे करा. दोन्ही.

घ्या.

आता तो एक शब्द म्हणायचा असतो, सर.

धन्यवाद. ऐकू आलं सगळ्यांना? तिसऱ्या रांगेत मान हलते आहे, त्याला नाही आलं. सर, जरा माईकवर. गुरुप्रसाद सांगतोय, सरांनी मोठ्याने म्हणायचं.

“पोचला.”

हो, आलं. आता आलं. तेजस्वी, तू का उभी राहिलीस? बस, बस. न रडायची अट मला घातली होती, तुला नाही, तुझं चालेल. सर म्हणतायत की गुरुवारची चारची वेळ उद्यापासून विभागाच्या वेळापत्रकात लिहिली जाईल आणि तेजस्वी नसेल त्या दिवशी फोन कुणाकडे, तेही लिहिलं जाईल. पूर्णिमाताई आणि बाळासो, तुम्ही दोघांनी ऐकलंत. एवढे साक्षीदार आहेत, मला आणखी काही नको.

आक्का, आता तुमच्याशी. उद्या सकाळी दहाच्या गाडीने तुम्ही निघणार. तीच गाडी, ज्यात आपण दोघी बसलो होतो. गुरुप्रसादने रजा टाकली आहे, तो तुम्हाला स्टँडवर सोडायला येणार. बाकावर जागा धरून ठेवीन म्हणालाय. नऊ वर्षं तुम्ही आम्हा सगळ्यांचं पोचणं ऐकलंत. तुमच्या पोचण्याचं कुणी कधी विचारलं नाही. ड्यूटी सुटल्यावर तुम्ही घरी पोचलात की नाही, हे आम्हाला कुणालाच कधी माहीत नव्हतं. उद्या मात्र तुमच्या गावात रेंज नसली तर धोंडुबाईंच्या गाड्यापाशी उतरा, कंट्रोलरच्या केबिनमधून या नंबरवर फोन लावा. तेजस्वी उचलेल. तिच्या शेजारी गुरुप्रसाद बसलेला असेल, तसं त्याने ठरवलं आहे. तुम्ही स्वतःच्या तोंडाने म्हणायचं, “मी पोचले.” तुमचा आवाज कानावर आला की मगच इथे सही होईल. आणि तो तुम्हाला काय म्हणणार आहे, ते मला आत्ताच माहीत आहे. “बरं, जेवा.”

सात मिनिटांचं काय झालं ते मी घड्याळाकडे न बघताही सांगू शकते. आपण सगळ्यांनी ऐकून घेतलंत, अध्यक्षांनी आपले दोन्ही हात मोकळे ठेवले होते, संयोजकांनी माईक बंद केला नाही, त्याबद्दल मी सगळ्यांची ऋणी आहे. बोलण्याच्या ओघात कुणाचं नाव राहिलं असेल, कुणाचं मन दुखावलं असेल, जिथे गप्प बसायचं तिथे मी बोलले असेन, तर ते पोटात घाला. आणि नाहीच घालता आलं, तर त्या सगळ्या चुकांखाली जी सही आहे न्हवं, ती माझी आहे.

नमस्कार.